कॉम्प्युटरला घातलेलं गाऱ्हाणं
आज घरी प्रिंटरची वायर चुकून दुसऱ्या पोर्टात गेली, स्क्रीनवर त्याच्या नावापुढे ‘कॉपी १’ उमटलं, आणि डिचोलीच्या खाण ऑफिसातल्या लाल धुळीचा वास नाकात शिरला. मी तिथे नोकरीला असताना इब्रामपूरचे एक म्हातारे कारकून ट्रकांच्या पावत्या छापायचे. वायरची जागा बदलली की कॉम्प्युटर त्याच प्रिंटरला नवा समजतो आणि जुन्या नावाने पाठवलेला कागद येतच नाही, हे फक्त मला ठाऊक होतं. एका सकाळी मी मुद्दाम ती बदलली. बाहेर ट्रकवाले हॉर्न मारू लागले, काकांना घाम फुटला. “तो तुमका वळखत नाय, काका,” मी गंभीरपणे म्हटलं. दुपारी ते बाजारातून नारळ घेऊन आले, कॉम्प्युटरपुढे ठेवून हात जोडले आणि स्वतःचं नाव-गाव सांगून, देवळात देवाला घालतात तसं गाऱ्हाणं घातलं. आम्ही ऑफिसातली पोरं हसू दाबत, गाऱ्हाण्याला देतात तशी “व्हय म्हाराजा”ची साथ देत होतो. तेवढ्यात मी वायर जागेवर लावली. कागद सरसर आला, काकांचे डोळे भरले. मग तो खेळ मी रोजचाच केला, काकांचा नारळही रोजचा झाला. महिन्याभरात, डोकं फिरलंय म्हणून साहेबांनी त्यांना घरी बसवलं. जाताना त्यांनी शेवटचा नारळ माझ्या हातात दिला. “ह्येच्याफुडे ठेव रे, नायतर तुकाय वळखूचो नाय.” त्याची आम्ही पावाबरोबर चटणी खाल्ली. आज वायर परत जागेवर लावली, तरी कागद येत नाही. घरात नारळ आहे, गाऱ्हाणं घालायला तोंड नाही.