महादेवाचा गोऱ्हा

दुकानात पूजेची सुपारी मागितली, की वाणी न विचारता किडक्या सुपाऱ्यांच्या डब्यात हात घालतो. खायची मागितली, तर निवडून देतो. ही रीत माझ्या लहानपणीही होती, आणि माझ्या मायला तिचा भारी संताप. ती वाण्याला म्हणायची, "माणसाले चांगली अन् देवाले किडकी, असं काऊन हो? देवाले दात नाईत म्हणून?" वाणी हसायचा आणि मुकाट्यानं चांगली सुपारी काढायचा. मी तिचीच लेक. तिची ही गोष्ट मी मिरवायलाच सांगते आहे.

तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चालायचा. आमचं गाव डोणगावच्या अंगाला, घरची जमीन बेताची. एका हिवाळ्यात बाबांना ताप भरला तो उतरेचना. वैद्यानं काढे दिले. शेवटी तोही नुसता नाडी धरून बसायला लागला. माय उठली, गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळात गेली आणि नवस बोलून आली, की माणूस वाचू दे, घरचा गोऱ्हा तुझ्या नावानं सोडीन. गोऱ्हा म्हणजे अजून शेतात न जुंपलेला तरणा बैल. तो देवाला सोडला, की पुठ्ठ्यावर त्रिशूळ डागायचा आणि दावं काढून टाकायचं. मग त्याला कुणी बांधायचं नाही, मारायचं नाही, जुंपायचं नाही. तो कुणाच्याही शेतात चरणार, आणि गावच्या गाई त्याच्यापासून गाभण राहणार.

बाबा वाचले. काठी टेकत अंगणात येऊन बसायला लागले, तेव्हा नवसाचा विषय निघाला. घरात गोऱ्हे दोन होते. एक पांढरा, उंच, भरल्या खांद्याचा. बाबांनी त्याला ओंडका ओढायला शिकवलंही होतं. दुसरा पाठीत खचलेला. बैल एकच, तोही म्हातारा. पेरणीला शेजारच्या चाचांचा बैल सावडीनं घ्यावा लागायचा, म्हणजे आधी त्यांची पेरणी, मग उरल्यासुरल्या ओलीवर आमची. पांढरा हाताशी आला की सावड संपणार होती. आजारपणातही बाबा त्याच्याबद्दलच बोलायचे.

कोणता सोडायचा, याबद्दल कुणाला शंकाच नव्हती. गावात जो तो देवाला अधू जनावर सोडायचा. मग वासरंही तशीच निपजायची, आणि लोक नशिबाला बोल लावायचे. मोठे काका म्हणाले, "खचका सोडा. देवाले काय तिफण ओढाची हाय?"

माय चुलीपुढून उठली. पदर सावरला आणि थोरल्या दिरांकडे न पाहता, पण त्यांना नीट ऐकू जाईल असं म्हणाली, "नवस बोलतानी म्या अर्धा नवरा मांगतला व्हता का? देवानं मले सगळा देल्ला. आता त्याले खचका कोणत्या तोंडानं देऊ?"

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. पांढरा सोडला त्या दिवशी ते देवळात आलेच नाहीत. मायनं त्याला न्हाऊ घातलं, शिंगं रंगवली, स्वतःच्या हातानं दावं काढलं. पुढे कितीतरी दिवस बाबा तिच्याशी कामापुरतंच बोलत होते. तिनंही मनधरणी केली नाही. आमच्या घरात नमतं घ्यायची सवय कुणालाच नव्हती.

गोऱ्ह्याला मात्र आपण देवाचे झालो हे कुठं ठाऊक? दिवस कलला की तो आमच्या अंगणात येऊन आंबोणाची वाट पाहत उभा राहायचा. माय पेंड-कोंड्याचं टोपलं पुढे ठेवायची, त्याची मान खाजवायची आणि खाऊन झालं की हाकलून लावायची.

मृग निघाला. ऐन पेरणीत, चाचांच्या शेतात, म्हातारा बैल तिफणीच्या ओळीत, तासातच बसला, तो पुन्हा उठला नाही. चाचांचीच पेरणी अर्धी राहिलेली, आमची तर सुरूही नव्हती. जमिनीतली ओल उडून चालली होती, आणि अंगणात पांढरा त्या दिवशी सकाळीच येऊन उभा होता. काकांनी बाबांच्या हातात दावं दिलं. "आजच्यापुरता जुप. सांजच्याले सोडून दे. देव काय पंचनामा कराले येते?" जमलेली माणसंही म्हणाली, जुपा, आम्ही काही म्हणत नाही.

बाबा गोऱ्ह्याजवळ गेले. त्यानं सवयीनं मान खाली घातली. माय दारात उभी होती. वाटलं, आता ही ओरडणार. पण ती एक शब्द बोलली नाही. दावं बाबांच्या हातात होतं, आणि काय करायचं ते त्यांनीच ठरवायचं होतं.

बाबांनी त्याच्या मानेवरून हात फिरवला. मग दावं काकांना परत दिलं. "देल्लेलं जनावर हाय, दादा. म्या नाई जुपत."

चाचांच्या बैलाशेजारी खचका जुंपला, आधी त्यांचं आटोपलं, मग आमचं. तासं वाकडी निघाली आणि लोक पोट धरून हसले. त्या वर्षी आमची ज्वारी साऱ्या गावात सरस आली, असं काही मी सांगणार नाही. उशिरा पेरली, उशिरा आली, आणि कशीबशी वर्षभर पुरली.

हसणाऱ्यांच्याच गोठ्यांत पुढे पांढऱ्याची वासरं उभी राहिली, उंच आणि भरल्या खांद्याची. चाचांकडे झाली, काकांकडे झाली, आमच्याकडेही झाली. काही वर्षांनी बैलांचा सौदा करणारा एक हेड्या गावात आला. ही जनावरं पाहून त्यांच्या बापाचा माग काढत तो आमच्या अंगणात पोचला. पांढरा आंबोण खात होता.

"काय घ्याल याचे?" त्यानं बाबांना विचारलं.

"मालक देवळात बसेल हाय. त्याच्याशी बोला."

हेड्या हसला. मग जरा खवचटपणे म्हणाला, "असं सोन्यासारखं जनावर फुकट देल्लं. मंग तुम्हाले काय भेटलं?"

माय आत दळत होती. जात्याची घरघर थांबली.

बाबा छाती काढून त्याच्यासमोर उभे राहिले. "मले? मी हाओ नं इथं उभा!"