कँटीनमध्ये दिलेला हॉटस्पॉट

परीक्षा केंद्रात बॉम्ब असल्याची ईमेल पाठवणाऱ्या पोराने आपल्याच कोचिंग क्लासमधल्या एका मुलीला फसवले, आणि फसवले मराठीत बोलून. चंदीगडमधल्या माझ्या पोलिसातल्या नोकरीतले हे प्रकरण मी आजही विसरलो नाही.

ईमेल गेली ते इंटरनेट तिच्या मोबाइलचे निघाले. सकाळीच तिला आयटी पार्कजवळच्या पीजीतल्या खोलीतून पोलीस ठाण्यात आणले. लातूरची पोर. बाकावर बसली होती. मी मराठीत बोलताच रडू लागली.

"काका, मला जेलमध्ये टाकणार का?"

"हॉटस्पॉट कुणाला दिला होतास?"

"क्लासच्या कँटीनमध्ये एक दादा असतो. 'ताई, आपल्याकडची दिसतेस, लॅपटॉपला जरा नेट दे ना,' म्हणाला. किती दिवसांनी मराठी ऐकलं... पासवर्डच सांगून टाकला."

"नंतर बदललास?"

"नाही. माझ्या टॅबसाठी हॉटस्पॉट चालूच असतो."

म्हणजे तो जवळ आला की त्याचा लॅपटॉप आपोआप जोडला जाणार. हाच धागा होता.

साहेबांना पत्रकारांना आरोपी दाखवायची घाई. मी शिपायापासून वर आलेला, घासाघीस सोडणारा नव्हे.

"शाम तक रुकिए जी."

"दोपहर तक."

"साहब, लडकी की जिंदगी है, मंडी की गोभी नहीं!" माझा आवाज चढला.

"ठीक है, शाम. पक्का."

साध्या वेशात मी तिच्यासोबत कँटीनमध्ये बसलो. टॅब बंद, फोन टेबलावर, हॉटस्पॉट चालू. बराच वेळ काहीच नाही. मग पडद्यावर उमटले: एक उपकरण जोडले. तिने माझी बाही घट्ट धरली.

"काय ताई, आज क्लासला दांडी?" मागून आवाज आला.

मी उठून त्याच्या लॅपटॉपवर हात ठेवला. ती ईमेल त्यातच सापडली.

तिथेच विचारले, तेव्हा म्हणाला, "अभ्यास झाला नव्हता, परीक्षा पुढे ढकलायची होती. नंबर तिचा निघेल हे माहीत होतं. वाटलं, मुलगी आहे, सोडून देतील."

ठाण्यावर परतलो, तर दारात पत्रकार. त्यांच्या मोबाइलवर तिचा फोटो, खाली 'आरोपी'. साहेबांनी दुपारीच दिला होता.

अनोळखी माणसाला हॉटस्पॉट दिला की त्याचे उद्योग तुमच्या नावावर चढतात. भाषा आपली म्हणून माणूस आपला होत नाही. दिलाच, तर लगेच बंद करा आणि पासवर्ड बदला.

ती शिक्षण सोडून गावी गेली. तो फोटो अजून फिरतो आहे. पोराला शिक्षा झाली. पण साहेब, संध्याकाळचा शब्द देऊन दुपारी तो फोटो तुम्ही का दिलात? तिच्या घरी जा आणि तिच्या आईसमोर याचे उत्तर द्या.