बाबांचा डाव बरोबरीत सुटला

आज बाबांच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या क्लबात निवृत्त कर्मचाऱ्यांची बुद्धिबळ स्पर्धा होती. अवधपुरीच्या घरून बाबांना मीच घेऊन गेले. हल्ली त्यांना बरंच काही आठवत नाही, पण सकाळपासून "खेळायचंय" म्हणत होते.

समोर तिवारीकाका आले. कारखान्यात ते बाबांच्या हाताखाली होते आणि जेवणाच्या सुट्टीत दोघांचा रोज डाव व्हायचा.

बाबांनी सुरुवात नेहमीचीच केली. राजापुढचं प्यादं, मग घोडा, मग उंट. हात असा भराभर चालला की वाटलं, आहेत की माझे बाबा अजून.

त्या पाठ असलेल्या खेळ्या संपल्या आणि हात थांबला. बराच वेळ पटाकडे बघून त्यांनी चक्क काकांचा काळा घोडा उचलला.

"सर, वो मेरा है," काका हळूच म्हणाले. काकांनीच घोडा परत जागेवर ठेवला.

पुढे बाबांचा वजीर गेला. आता मात होणार हे मलाही दिसत होतं. तेवढ्यात काकांनी हात पुढे केला. "सर, ड्रॉ कर लें? आज आपने बहुत थका दिया."

बाबांनी हात मिळवला. मी काकांना डोळ्यांनीच धन्यवाद दिले.

आम्ही गाडीत बसून निघालो. घर जवळ आल्यावर बाबा म्हणाले, "तिवारी जिंकत होता. मी साहेब होतो तेव्हासुद्धा त्याने मला डावात कधी सोडलं नव्हतं."

तुमच्या घरी असं कुणी असेल तर सांगा, तुम्ही त्यांना हरू देता का?