वाढदिवसाच्या बॅनरपायी फुटलेलं आधार कार्ड

आमच्या बीडच्या अभ्यासिकेत एक लई भारी पद्धत होती. कुणाचा वाढदिवस आला की त्याच्या फोटोचं बॅनर बनायचं आन ग्रुपवर पडायचं. भावी पीएसआय, भावी तलाठी, असलं काय काय लिहून. माझ्या बॅनरपेक्षा माझ्या चुलत बहिणीच्या बॅनरला जास्त बदाम पडलते, हे मी अजून विसरले न्हाई.

ही बहीण माझ्याच वयाची. शिरूरला एकाच गल्लीत वाढलो, आता बीडला एकाच रूमवर. ती लॉ करतीय, मी तलाठी भरतीची तयारी. घरी माझं कौतुक सुरू झालं तरी शेवटी तिच्यावरच जाऊन थांबतं. मी काय करणार!

झालं असं, की अभ्यासिकेच्या सरांना बॅनरवाल्याला एकेक फोटो पाठवायचा कंटाळा आला. त्यांनी सगळ्यांच्या ॲडमिशनचा फोल्डरच त्याला दिला. वरून तीच लिंक चुकून आमच्या ग्रुपवर टाकली! फोल्डरमध्ये फोटो होते, आन आधार, पासबुक, आमचे नंबर, बापाचे नंबर बी होते. कुणीबी उघडावं.

मला पत्ताच न्हाई. दुपारी पप्पांचा फोन.

"कोण पोरगं हाय ते? तुझं नाव घेतंय, तुझा आधार नंबर सांगतंय, ओटीपी मागतंय."

"मला काय माहीत पप्पा!"

"मग माझा नंबर त्याला कुणी दिला? रविवारी येतो. सामान भरून ठेव."

संपलं. मला पाठवतानाच ते म्हणलते, पोरांची एक भानगड कानावर आली की माघारी. माघारी म्हंजे तलाठी-बिलाठी बंद, पाहुणे बघायला सुरू.

मी रडतच रूमवर गेले. ती निवांत मॅगी खात बसलेली. सगळं ऐकलं आन एवढंच विचारलं, "काकांनी ओटीपी दिला का?"

"न्हाई."

"मग रडतीस कावून? फोन आण इकडं." ग्रुपवरची ती लिंक तिनंच उघडून दाखवली, तवा कळलं नंबर कुठनं गेला.

तिनं आधी आधारचं बायोमेट्रिक लॉक करायला लावलं, म्हंजे ठशावर कुणी पैसे काढायला नको. माझ्या नावावर दुसरी सिमकार्डं निघालीत का ते सरकारी साईटवर बघितलं. बँकेला कळवलं. माझा पासवर्ड म्हंजे माझंच नाव आन वाढदिवसाची तारीख. ते बघून असली हसली ती! "अगं, हे तर बॅनरवरच छापलंय की!" मला तिचं तोंड दाबावं वाटलं. रागानं मी ग्रुप सोडायला निघाले तर हात धरला, "थांब, येडे! आधी स्क्रीनशॉट काढ. पुरावा हाय तो." मग सायबर पोलिसांच्या साईटवर तक्रार टाकली. हे सगळं तिला येतं, मला न्हाई, याचाच जास्त राग येत होता.

मग सरांकडं गेलो. पोरंपोरी गोळा झाली.

"लिंक काढली की मी," सर म्हणले. "कशाला वाढवता ताई?"

"काढली ते बरं केलं सर," ती म्हणली. "पण ज्यांची कागदं फुटली त्या सगळ्यांना लेखी कळवा, काय फुटलं, कुणाकडं गेलं. बॅनरवाल्याकडचं बी पुसून घ्या. तुमच्याकडं आमचं काय काय हाय ते विचारायचा, नको ते पुसायला लावायचा हक्क कायद्यानं दिलाय. त्यातले काही नियम लागू व्हायचेत अजून, पण तक्रार आत्ताबी करता येती."

मागून एक पोरगं वरडलं, "हिचं बॅनर बदला बे! भावी कशाला, झालीच की वकीलबाई!"

सगळे हसले. सरांनी गुमान ग्रुपवर लिहून टाकलं. मग जो तो तिच्याभोवती, "ताई, माझं बी लॉक करून दे ना." मी म्हणलं, "मला बी येतंय, द्या इकडं." कुणी बघितलं सुदिक न्हाई! आत्ताच तर शिकलते मी!

रविवारी पप्पा आले. बॅग दारातच भरून ठेवलेली. मी किती तयारी केलती, कुठून सुरू करायचं, काय काय सांगायचं. तोंड उघडलं तर म्हणतात, "तू थांब. तिला सांगू दे."

तिनं सांगितलं. सरांचा मेसेज वाचून दाखवला, तक्रार दाखवली. म्हणली, "काका, हिची काहीच चूक न्हाई. ही गेली तर ज्यानं घोळ घातला तो ऱ्हायला बाजूला आन शिक्षा हिला." पप्पांनी मान हलवली, पाणी पिले.

"बरं. ऱ्हाऊ दे हिला," ते म्हणले. "तू हायस म्हणून."

लेक मी, आधार माझं फुटलं, आन विश्वास तिच्यावर!

पप्पांना एसटीत बसवून आलो. ती म्हणली, "चल, चहा घेऊ."

"तू जा. मला अभ्यास हाय."

आन खरंच बसले. ती वकील व्हायच्या आत मला तलाठी व्हायचंय.