वाजवायचे दात

आमच्या थोरल्या जाऊबाई माणसाच्या तोंडाकडे बघतात, पण चेहरा त्यांना दिसत नाही, दात दिसतात. मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा बाकीचे माझी उंची, रंग, नोकरी जोखत होते आणि ह्या बाई मी कधी हसते याची वाट बघत होत्या. मी हसले. तर म्हणाल्या, "खालचे दात चढाचढी करतायत गं. मागून अक्कलदाढ ढकलतेय, काढून टाक." नव्या जावेशी बोललेलं हे पहिलं वाक्य. हिच्याशी आपलं जमायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं. दाढ पुढे काढावी लागली, ते मी त्यांना अजून कळू दिलेलं नाही.

जाऊबाई एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या करतात. खिडकीशी लांबलचक टेबल, त्यावर छोटा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि रांगेनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. पहिल्यांदा गेले तेव्हा मला तिथे डबा खाववेना. डॉक्टर नुसतं माप पाठवतात, पेशंट काही कधी दिसत नाही. न पाहिलेल्या तोंडात बसतील असे दात त्या मेणात एकेक करून लावतात, दिव्यावर सुरी तापवून बसवतात, मागे सरून बघतात, पुन्हा उपटतात. समाधान होईपर्यंत कुणाशी बोलत नाहीत. त्यांच्या हातचा दात सूतभरही वाकडा गेलेला नाही, असं लॅबचे मालक सांगतात, आणि मालक म्हणजे कुणाची स्तुती करताना जीव जाणारा माणूस.

आणि अशा बाईच्या नशिबी नवरा आला तो वाकड्या दाताचा. आमचे भाऊजी दिवसा लिफ्ट दुरुस्त करतात आणि उरलेला वेळ एका जॅझ बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतात. त्यांचा वरचा पुढचा एक दात शेजारच्यावर तंगडी टाकून बसल्यासारखा होता. लग्नापासून जाऊबाईंचे हात त्या दातासाठी शिवशिवत होते. भाऊजी दाद देत नव्हते.

मग हिरड्यांचं दुखणं लागलं आणि पुढचे चारही दात गेले. घरात सगळे हळहळले. जाऊबाईही हळहळल्या, पण खोटं कशाला बोलू, त्यांचे डोळे चमकत होते. एवढ्या वर्षांनी संधी आली होती. त्यांनी असे चार दात केले की बघत राहावं! एका रांगेत, मोत्यासारखे. भाऊजी एकदम दहा वर्षांनी लहान दिसायला लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला जाऊबाई सांगायच्या, "हसून दाखवा हो जरा." आणि ते बिचारे हसून दाखवायचे.

फक्त सॅक्सोफोन वाजेना. फुंकला की दार करकरल्यासारखा आवाज यायचा, सूर लागला तर टिकायचा नाही. भाऊजींनी महिनोन् महिने खटपट केली. कधी म्हणायचे दम कमी पडतो, कधी म्हणायचे वय झालं. दातांबद्दल चकार शब्द काढला नाही, कारण ते दात बायकोनं जीव ओतून केले होते. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे म्हणतात. आमच्या भाऊजींना तिसरेच हवे होते, वाजवायचे. पण हे बोलणार कोण? शेवटी एक दिवस सॅक्सोफोन कपाटावर गेला आणि माणूस गप्प झाला. जेवताना गप्प, टीव्हीसमोर गप्प. बँडवाल्यांनी त्यांची जागा राखून ठेवली होती, पण ते तरी किती थांबणार?

एका सुट्टीच्या दिवशी जाऊबाईंनी कपाटावरची धूळ झटकायला घेतली. मी भाजी निवडत बसले होते. त्यांनी पेटी उघडली, सॅक्सोफोनचं तोंडात धरायचं टोक पुसायला घेतलं आणि मध्येच थांबल्या. त्या काळ्या टोकावर दात टेकून टेकून दोन खळगे पडले होते. एक खोल, दुसरा जरा बाजूला, उथळ. जाऊबाईंनी त्यावरून नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग पिशवीतून मेण काढलं, बोटांत मऊ करून त्यावर दाबलं आणि सोलून उजेडात धरलं. मेणावर भाऊजींचा तो तंगडी टाकलेला दात उमटला होता.

"अगं," त्या मला म्हणाल्या, "त्यांचा सगळा सूर ह्या वाकड्यावर टेकलेला होता. आणि मी तो सरळ करून टाकला."

एवढं बोलून त्या मटकन खाली बसल्या. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी भाजी निवडत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जेवणाच्या सुट्टीत वाकडे दात करायला घेतले. तुम्हाला वाटेल त्यात काय मोठं? सरळ दात करण्यात हयात घालवलेल्या हाताला वाकडा दात जमत नाही. हात आपोआप सरळ करायचा, ह्या चिडून उपटायच्या. मालकांनी ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, हे कुणी बघितलं तर लॅबचं नाव जाईल." जाऊबाई म्हणाल्या, "नवऱ्याच्या तोंडात जाणार आहेत, तुमच्या काचेच्या कपाटात नाही." मेण, माप, पुन्हा मेण. तीन वेळा केले, तीन वेळा मोडले. चौथे डॉक्टरांकडून बसवून घेतले.

भाऊजी घरी वाजवायला तयार होईनात. घाबरले होते. इतकंच म्हणाले, "बुधवारी बागेत दुपारचा कार्यक्रम आहे. तिथेच वाजवीन. जमलं तर जमलं, नाहीतर गुरुवारी हे वाद्य मी देऊन टाकणार. पुन्हा कुणी विषय काढायचा नाही."

बागेतला तो कार्यक्रम फुकट असतो. आजूबाजूच्या ऑफिसांतली माणसं डबे घेऊन हिरवळीवर बसतात, कुणी बूट काढून आडवंही होतं. मला स्वतःला जॅझ कळत नाही. एकानं चाल सुरू करायची आणि बाकीच्यांनी ती वाऱ्यावर सोडून आपापल्या वाटेनं जायचं, हा काय प्रकार! पण त्या दिवशी मी ऑफिसातून सुट्टी घेऊन गेले. जाऊबाई लॅबमधून थेट आल्या होत्या, कोपरापर्यंत प्लास्टरची पांढरी धूळ. अगदी पुढे बसल्या. डबा उघडलाच नाही.

भाऊजी आधी नुसते उभे होते. मग ड्रमवाल्यानं मान हलवली, बाकीचे हळू झाले आणि भाऊजींनी वाद्य तोंडाला लावलं. जाऊबाईंनी माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

सूर आला. जाडसर, किंचित घोगरा, आमच्या घरातून इतके दिवस हरवलेला. तो टिकला, वर चढला, वळला, कुठेही घसरला नाही. मागे कुणीतरी बोलायचं थांबलं. भाऊजींचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं, तरी ते वाजवतच होते. मला जॅझ अजूनही कळत नाही, पण मी रडले. त्यांचा भाग संपला तशा चाल चालू असतानाच टाळ्या पडल्या, तिथे तशी रीतच आहे. भाऊजींनी वाद्य खाली घेतलं आणि तोंड भरून हसले.

आमच्या शेजारी एक बाई डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चांगल्या नीटनेटक्या, जाऊबाईंना आवडतील अशा दातांच्या. टाळ्या वाजवता वाजवता त्या इकडे झुकल्या. "काय वाजवतात हो! पण तो पुढचा दात बघितलात? एवढा वाकडा. नीट करून घ्यायला हवा होता."

मी धसकले. जाऊबाईंच्या कामात कुणी खोट काढली की त्याची खैर नसते.

"नीटच आहे तो," जाऊबाई म्हणाल्या. "मी केलाय."