तिसरा गिअर का सुटायचा

शेवटच्या दिवशी सकाळी मी बायकोला ट्रकच्या ड्रायव्हर सीटवर बसवलं. तिला गाडी येत नव्हती. ब्रेक कुठला आणि क्लच कुठला, एवढंच मी शिकवलं. चाकांना पुढून-मागून दगड लावले. तिनं पदर खोचला, दोन्ही पाय टेकवले आणि म्हणाली, "विंचूरला जाऊन येऊ का? तुम्ही भाकरी टाकून ठेवा."

दोन हजार साल उलटलं होतं आणि गाडी त्याच्या कितीतरी आधीची. विंचूरचा कांदा घोटीला उतरवायचा, येताना तांदूळ भरायचा. पोरगी सासरी गेल्यावर बायकोला घर खायला उठायचं, म्हणून ती बरोबर यायची. त्या वर्षी गाडीला खोड लागली. उतारावर पाय उचलला की तिसरा गिअर खाडकन सुटायचा आणि भरलेली गाडी मोकळी पळायची. तसा उतार आला की बायको दोन्ही हातांनी गिअरचा दांडा दाबून धरायची. तिच्या तळव्याला घट्टा पडला.

मिस्त्रीनं गिअरबॉक्स दोनदा खोलला. आतल्या स्प्रिंगा बदलल्या, तरी तेच.

बायको म्हणायची, "अहो, दांडा नंतर सुटतो. आधी माझ्या पायाजवळचं इंजिनाचं झाकण वर उठतं."

मिस्त्री हसला. "वहिनी, पोट दुखतंय आन् तुम्ही गुडघा दाखवताय."

मी त्याच्यापेक्षा जोरात हसलो. ती म्हणाली, "हसा. दांडा मी धरते, तुम्ही नाय."

गिअर सुटतो म्हणजे खोट गिअरबॉक्सातच, हे आम्हा दोघांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तिचं तोंड बंद करावं म्हणूनच मी त्या सकाळी झाकण काढलं. गाडी चालू केली, दुसरा गिअर टाकला आणि तिला म्हटलं, "ब्रेक गच्च दाब, क्लच हळूहळू सोड." मी बाजूनं बघत राहिलो. क्लच सुटायला लागला तसं इंजिन डाव्या बाजूनं चार बोटं वर उठलं. इंजिन ज्याच्यावर बसतं ते खालचं रबर फाटून त्याचे दोन तुकडे झालेले. इंजिन उठलं की गिअरबॉक्सही त्याच्याबरोबर हलायचा आणि गिअर सुटायचा.

"काय दिसलं?" तिनं वरून विचारलं.

"काय नाय. उतर खाली, चहा टाक."

असा मी माणूस. खोट सापडल्याचा आनंद झाला होता, पण ती बरोबर होती हे जिभेवर येईना. म्हटलं, रबर बसवू, मग सांगू. तिनं चहा केला, आम्ही पायरीवर बसून प्यायलो. जेवण झाल्यावर तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. संध्याकाळी अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक भेटायला येऊन बसले. मिस्त्री पण आला आणि खाली मान घालून कोपऱ्यात टेकला. मी उठलो, त्याचा दंड धरला आणि गाडीकडं ओढत नेला. दारातून सासू ओरडली, "जावईबापू, सुतकात गाडीला हात लावू नका. आज तरी त्या गाडीचं नाव काढू नका!"

मी झाकण बाजूला केलं. "बघ."

मिस्त्रीनं आत हात घातला. रबराचे दोन्ही तुकडे चाचपले. मग पुटपुटला, "वहिनींचं बरोबर होतं."

"मोठ्यानं बोल. तिच्या आईला ऐकू जाऊ दे."

"वहिनींचं बरोबर होतं!" तो ओरडला आणि तिथंच चाकाला टेकून रडायला लागला.

मी सासूपुढं जाऊन बसलो. गिअर कसा सुटायचा, आम्ही कसे हसलो, रबर कसं फाटलेलं निघालं, सगळं सांगितलं. म्हातारीला त्यातलं निम्मं कळलं असेल. तिनं डोळे पुसले.

"म्हणजे खोट माझ्या लेकीनं शोधून काढली?"

"हो, आई. आम्हा दोघांना नाय जमलं ते."

"मग तिला सांगितलं का तुम्ही तसं?"

"नाय," मी म्हटलं. "नाय सांगितलं."