सायलेन्सरचा टिळा

मार्च १९७४. ठरलेली मजुरी बारा रुपये. हजर मी, बायको आणि सात रस्ता चौकातला एक मेकॅनिक. पेट्रोल महागल्यापासून बायकोने बजावले होते, गाडी कमी पेट्रोल खाईना तर विकायची.

मेकॅनिकने सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवून काजळीचा टिळा स्वतःच्या कपाळाला लावला. "लई खातीय की. निम्मं धुरात जातंय."

त्याने कार्बोरेटरचा पेट्रोल सोडणारा जेट बदलला, नळी पुसली, कपाळ पुसले, एक लांब फेरी मारली. नळी निवल्यावर पुन्हा बोट फिरवले. टिळा उमटेना.

"तुमच्या बोटाचा काय भरवसा?" म्हणत बायकोने स्वतःचे बोट घातले आणि माझ्या कपाळावर घासले. काही उमटले नाही.

"गाडी सुधारली, वैनी. मालकांचं मातर माझ्या हातात न्हाय."

गाडी राहिली. बारा रुपये मी दिले. वरचे तीन बायकोने दिले, त्या वाक्याचे.